न फडफडणारं निशाण

समाजमंदिरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. रेशनसाठी आलेल्या बाया रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, माणसं कुंपणाच्या भिंतीवर चढली होती, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असा उंच धरलेला, जणू वरून काही गळणार आहे आणि ते झेलायचं आहे.

ओट्यावर निशाणवाले महाराज डोळे मिटून बसले होते. छपरावर बांबूला त्यांचं भगवं निशाण. निशाणाच्या काठीपासून कुंकू माखलेली एक दोरी खाली आलेली, ती महाराजांच्या मुठीत.

"बच्चा, ये नेट क्या है? तरंग है, तरंग! आपले ऋषी बिना रिचार्ज के हिमालयात बसून काशीशी बोलत होते. देवीने आँख मिटली, तरंग बंद. देवीने आँख खोली..."

दोरी ओढली गेली. निशाण करकरत वळलं. महाराजांनी एक लांबलचक मंत्र म्हटला, आणि मंत्र संपतो न संपतो तोच शंभर मोबाईल एकदम टिंगटिंगले. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीनही जागं झालं.

"जय हो!" ओट्यावर नारळ आले, लुगडी आली, पाय बांधलेले दोन कोंबडेही आले.

चोरखमाऱ्याच्या तलावाकाठचा हा टोला, म्हणजे छोटी वस्ती. पलीकडच्या मनोऱ्यावरून बिनतारी नेट पाण्यावरून यायचं ते थेट समाजमंदिराच्या छपरावरच्या डिशमध्ये, आणि तिथून घरोघर. महाराज दोन महिन्यांपूर्वी त्याच समाजमंदिरात उतरले, आणि तेव्हापासूनच नेट वारंवार जाऊ लागलं. या दोन गोष्टी कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तिरोड्याचा नेटवाला टिकेश तीनदा धावत आला. तो आला की नेट चालू, तो गेला की बंद. शिव्या मात्र त्यालाच.

गर्दीच्या कडेला रुख्माबाई उभी होती. तिच्या चारी बाजूंना हातभर जागा मोकळी होती. ती जागा लोकांनी मुद्दाम सोडली होती.

रुख्माबाईचा गुन्हा एकच. मागच्या सोमवारी तिनं भर सभेत हळूच विचारलं होतं, "महाराज, एवढा वारा सुटला, तुमचं निशाण फडफडत काऊन नाही?"

बावीस वर्षं मातामायच्या देवळावर निशाण बांधणारी बाई ती. कापड कसं हलतं, ओलं झालं की कसं लोंबतं, उन्हात किती दिवसांत विरतं, सगळं तिच्या बोटांना ठाऊक. महाराजांचं निशाण मात्र दाराच्या फळीसारखं ताठ उभं.

महाराजांचं बोट तिच्याकडे उठलं. "देवीने वारा बांधला आहे. और ये औरत? टोनही है! हिचीच नजर तरंगाला लागते!"

बस्स. रोज पहाटे तुळशीला पाणी घालणारी, पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय चहाही न घेणारी रुख्माबाई एका वाक्यात टोनही, म्हणजे चेटकीण, झाली. विहिरीवर बाया घागरी बाजूला ओढू लागल्या. तिच्या सुनेला, रीनाला, पाणी न भरताच परत पाठवलं. नवरा चैतराम भाकरीकडे पाहत बसायचा, तोंडात घास जाईना. आणि सरपंच शालीकरामनं निकाल दिला: पुढच्या सोमवारी रुख्माबाईनं सगळ्यांसमोर महाराजांच्या पायाचं पाणी पिऊन टोनही असल्याचं कबूल करावं, नाहीतर घरच्यांसकट टोला सोडावा.

आज तो सोमवार होता.

त्या आठवड्यात ती रडली नाही. तिनं वाचलं. टिकेश दर महिन्याला ग्राहकांना मोबाईलवर एक पत्रक पाठवायचा: नवा मनोरा कुठं झाला, कोणता पासवर्ड ठेवू नये, नेटच्या डबीवरचा कोणता दिवा कशाचा. बाकीचे न उघडताच पुसून टाकायचे. रुख्माबाईनं ते पोथीसारखं ओळीवर बोट ठेवून वाचलं. सातव्या ओळीवर बोट थांबलं: "डिशच्या तोंडासमोर पत्रा, टाकी किंवा लोखंडी जाळी येऊ देऊ नका. सिग्नल तुटतो. अडथळा काढल्यावर जोडणी परत यायला मिनिटभर लागतं."

मिनिटभर. महाराजांच्या मंत्राएवढं.

तिनं टिकेशला फोन केला. दुसरा फोन तिनं पोलीस ठाण्यात केला.

"चला बाई," ओट्यावरून शालीकराम म्हणाला, "वाटी भरून ठेवली आहे."

रुख्माबाई पुढं आली. वाटीकडे तिनं पाहिलंही नाही. ती सरळ जिन्याकडे वळली.

"अरे, अरे! औरत ऊपर नही जायेगी! पाप लगेगा!"

"लागू दे. मी टोनहीच आहे ना? टोनहीले पापाचा काय भेव!"

भिंतीवरून कोणीतरी खिदळलं. ती छपरावर पोचली तेव्हा धाप लागली होती. तिनं निशाणावर बोटानं ठोकलं.

टण्ण!

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं कमरेचा विळा काढला आणि भगवं कापड वरपासून खालपर्यंत फाडलं. आतून तेलाच्या पिप्याचा पत्रा निघाला. 'पंधरा किलो' अजून वाचता येत होतं.

"हे पाहा तुमची देवी! शेंगदाण्याच्या तेलात तळलेली!"

तिनं काठी फिरवून पत्रा डिशसमोर आणला. खालचे सगळे मोबाईल मुके झाले. तिनं पत्रा बाजूला केला आणि महाराजांचाच सूर काढला, "आँख खोलो देवी, खोलो!" मिनिटभरात टिंगटिंग. पुन्हा पत्रा पुढं, पुन्हा सामसूम. एकदा पुरलं असतं. तिनं तीनदा केलं. प्रत्येक वेळी खाली वाकून विचारलं, "बोला महाराज, आता कोणाची नजर लागली?"

टिकेश गर्दीतून ओरडला, "मी आलो की हा दोरी ओढून पत्रा हटवत होता जी! अन् तुमी मले शिव्या देऊन राहिले होते!"

महाराज कोंबड्यांवरून उडी मारून पळाले, आणि आवारात शिरणाऱ्या पोलिसांच्या हातात सापडले. "माई, माफ करो! देवी के नाम पर माफ करो!"

"देवीचं नाव तू आजवर खूप घेतलं. आता माझं घे. तक्रारीचा अर्ज माझ्या नावानं आहे."

ती खाली उतरली तेव्हा मोकळी जागा कुठंच उरली नव्हती, सगळे अंगाशी येत होते. शालीकराम हात जोडून म्हणाला, "रुख्माबाई, झालं ते झालं. मोठं मन करा."

"माझ्या सुनेले आठ दिवस पाणी भरू दिलं नाही तुमी. तेव्हा तुमचं मन केवढं होतं, शालीकरामजी?"

ती लोकांकडे वळली. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून सगळ्यांना पुढं सरकावं लागलं.

"मी उद्या पहाटेही पोथी वाचीन. देवी माझी आहे, तिले कोणाची दोरी लागत नाही. तुमी एवढंच करा. यंत्र बंद पडलं तर यंत्राच्या माणसाले विचारा, अंग दुखलं तर डॉक्टरले विचारा. अन् कोणी चमत्कार दाखवला तर तो कसा केला, ते वर चढून पाहा. विचारल्यानं देवी कोपत नाही. मी विचारलं तर तुमी कोपले."

मग तिनं पोलिसांच्या हातातला अर्ज घेतला, सही करण्याआधी तोही ओळीवर बोट ठेवून वाचला, आणि म्हणाली,

"साहेब, महाराजाच्या नावाखाली जागा सोडली आहे तुमी. तिथं सरपंचाचं नाव लिहा."