ड्वाइट आडवा झाला नाही

घटस्फोट होऊन वर्ष उलटलं तरी ड्वाइट दारू पिऊन व्हर्लीनला फोनवर धमक्या देतच होता. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या त्या डोंगराळ भागात पोलीस यायला अर्धा तास लागायचा. म्हणून तिनं एका शनिवारी रॉईस टॅकेटचा पिस्तुलाचा वर्ग केला. रॉईस निवृत्त पोलीस.

"बारीक गोळीच्या नादी लागू नका बाई," तो म्हणाला. "ही जाड घ्या. छातीत बसली की माणूस जागच्या जागी आडवा. दोनदा चाप ओढायचा, विषय संपला."

एप्रिलमध्ये भर दुपारी ड्वाइट लोखंडी दांडा घेऊन तिच्या पडवीच्या पायऱ्या चढू लागला. "थांब!" ती ओरडली. तो थांबला नाही. तिनं दोनदा चाप ओढला. दोन्ही गोळ्या छातीत.

ड्वाइट आडवा झाला नाही. उरलेल्या पायऱ्या चढून आला, दांडा टाकला आणि तिच्याच खुर्चीत बसला.

"व्हर्लीन, अगं, खरंच मारलीस की काय?"

तिनं फोन करून मदत मागितली आणि टॉवेल घेऊन जखमा दाबून धरल्या. तो अकरा मिनिटं बोलत होता. आधी शिव्या, मग कुत्र्याची चौकशी, मग पाय गार पडल्याची तक्रार. मग गप्प झाला. रुग्णवाहिका नंतर आली.

स्वसंरक्षण म्हणून खटला झाला नाही. महिन्याभरानं रॉईसचा फोन आला, "वर्गात येऊन दोन शब्द बोला. लोकांना धीर येईल."

तिनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पंधरा माणसं खाली मान घालून ऐकत होती. मग टोपीवाल्या एकानं हात वर केला.

"बाई, गोळी कुठल्या मापाची होती?"

तिनं सांगितलं.

"तरीच! त्याच्या वरची हवी होती," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मापांवरून जुंपलीच. व्हर्लीन पर्स उचलून बाहेर पडली. रॉईस मागोमाग आला.

"अहो, शेवटी मेला ना तो? तेवढंच सांगायचंत. कुत्र्याचं कशाला काढलंत?"

"रॉईस, तुम्ही कधी माणसावर गोळी झाडलीय?"

"सत्तावीस वर्षांत वेळच आली नाही," तो म्हणाला आणि पुढचा धडा घ्यायला आत गेला.