चिलटांचा आळ

मी दिवा बोलतोय, गुडरूनबाईंच्या मागच्या दारावरचा. माझ्याखाली जो उभा राहतो तो मला आधी संशयित वाटतो, मग माणूस. नजर ठेवायलाच तर मला इथं ठोकलंय.

यजमान गेल्यावर बाईंनी मला बसवून घेतलं. डेन्मार्कातल्या या खाडीकाठच्या गावात चोर कुठले? तरी बाई संध्याकाळी मला लावून काचेआडून अंगण न्याहाळत बसायच्या.

एका वसंतात माझ्याभोवती तिळाएवढे काळे किडे जमू लागले. स्वयंपाकघरातही दिसू लागले. बाईंची नजर थेट कुंपणापलीकडे गेली. तिथं शेजारी एस्किलनं ओकची लाकडं रचली होती. त्याच्या वडिलांनी नावेसाठी जपलेली. त्यांच्या हातून नाव झाली नाही, ती आता तो बांधणार होता.

"एस्किल, कीड लागलीय तुझ्या लाकडांना. उद्या माझं छप्पर पोखरेल!"

"ओक आहे तो, बाई. दगडासारखा टणक."

"मग हे दिव्याभोवती काय माझे पाहुणे आलेत?"

मलाही एस्किलचाच संशय. संध्याकाळी एकटाच लाकडांवर हात फिरवत पुटपुटायचा. सरळ माणूस लाकडाशी बोलतो का?

बाईंनी गावभर बोभाटा केला. जूनमध्ये सांक्ट हान्सच्या सणाला खाडीकाठी मोठा जाळ पेटतो. एस्किलनं निम्मी लाकडं आपल्या हातानं त्यात टाकली. परतताना बाईंनी कॉफी विचारली, त्यानं मान वळवली नाही.

ऑगस्ट आला. किडे तेवढेच.

"उरलेलीही जाळ," बाई म्हणाल्या.

एस्किल कुंपण ओलांडून आला. "जाळतो. आधी गुन्हेगार दाखवा."

बाईंनी माझ्याखाली उशीची पांढरी खोळ टांगली, यजमानांचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग आणलं. अंधारून येताच किडे खोळीवर बसले. एस्किल वाकला.

"जूनपासून हेच वाचतोय मी. लाकूड खातो तो भुंगेरा. पाठ टणक, तिच्यावर ठिपक्यांच्या रेघा. आता याला बघा. लांब पाय, पातळ पंख, पंखावर बेचक्यासारखी शीर. चिलट आहे हे, बाई. ओल्या मातीत वाढतं."

"ओली माती कुठाय इथं?"

एस्किलनं खिडकीतल्या बेगोनियाच्या कुंडीला टिचकी मारली. चिलटं भस्सकन उठली.

बाई पायरीवर बसल्या. "रोज पाणी घालत होते रे. यांनी लावलेली झाडं. वाळतील म्हणून... आणि तुझ्या वडिलांची लाकडं मी..."



दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ माणसांचं जेवणाचं टेबल अंगणात ओढत आणलं. "ओकच आहे, नावेला घे. मी एकटीच तर जेवते."

एस्किलनं टेबलावरून हात फिरवला. मग करवत आणायला गेला.

आता मला किडे न ओढणारा पिवळा बल्ब आहे. कुणी हललं तरच मी पेटतो. ती दोघं पायरीवर कॉफी घेत इतकी स्थिर बसतात की मी विझून जातो. मग कुजबुज, मग हसू. कशावर हसतात? माझ्यावर तर नाही? तुम्ही कधी या बाजूला आलात, तर दाराशी जरा हात हलवा. एकदा बघू तरी द्या.