मेणात बुडवलेली फुलं

आर्डिथने कागदी गुलाब देठाला धरून वितळलेल्या मेणात उलटा बुडवला, मनात तीन आकडे मोजले आणि वर काढला. थेंब निथळू दिले. मग तो खिडकीतल्या दोरीला चिमट्याने अडकवला. दोरीवर आता सात गुलाब झाले होते. उद्या मे महिन्यातला कबरी सजवायचा रविवार. मेण लावलेलं फूल पावसाला दाद देत नाही, हे तिला तिच्या आजीने शिकवलं होतं. तिने ते अडतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलं.

मागचं दार वाजलं. तिचा थोरला भाऊ होबार्ट न विचारता आत आला. तो त्र्याऐंशीचा, ही ऐंशीची, आणि घरं रस्त्याच्या अल्याड-पल्याड.

"तुला भेटायला नाही आलो," तो म्हणाला. "माझ्या टीव्हीवर ते चॅनल लागत नाही."

"बूट काढ," आर्डिथ म्हणाली.

वाचनालयात काम करणारी जोलीन ही आर्डिथची जुनी विद्यार्थिनी. तिनेच फोन करून सांगितलं होतं, की शनिवारी त्या चॅनलवर दिवसभर देशाचा इतिहास असतो, आणि या शनिवारी सव्वाचार वाजता त्यांच्या जुन्या गावाची, हिकरी बेंडची, एक मूक फिल्म दाखवणार आहेत. सरकारी माणसांनी घेतलेली. चर्चच्या आवारातल्या कबरी हलवताना.

हिकरी बेंड आता तळ्याखाली होतं. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी धरण झालं, तेव्हा प्रत्येक घराला एक कागद आला. आपल्या माणसाची कबर वर टेकडीवर हलवायची, की आहे तिथेच पाण्याखाली ठेवायची? वडिलांनी सही केली, पण काय लिहिलं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आर्डिथ तान्ही असतानाच गेलेल्या आईचा दगड टेकडीवर आला. आर्डिथच्या मते आईही आली. कबर खणली त्या दिवशी होबार्ट दहा वर्षांचा होता, कुंपणापाशी उभा होता. त्याच्या मते खड्ड्यातून शवपेटी निघालीच नाही. मोठी झाल्यापासून दर वर्षी या रविवारी ती टेकडीवर जाई आणि तो होडी घेऊन तळ्याच्या मध्यावर. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकजण रिकाम्या जागी फुलं वाहत आला होता. कोण, ते आज कळणार होतं.

अजून साडेदहाच वाजले होते. आर्डिथने पडदे ओढले. टीव्हीवर कुणी प्राध्यापक कुठल्याशा लढाईचा नकाशा समजावत होते. तिने थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली. मुलांना आधी नदी दाखवावी, असं तिचं म्हणणं पडलं. नदी कळली की सैन्य तिथे का थांबलं ते मुलं आपणच सांगतात.

"मास्तरीणबाई, त्यांना ऐकू जात नाही," होबार्ट म्हणाला.

दुपारी तिने दोन पेल्यांत मक्याचा पाव कुस्करला आणि वर ताक ओतलं. दोघांनी चमच्याने खाल्लं. समोरून शतकं जात राहिली. तंबूंसमोर बसलेले दाढीवाले सैनिक गेले. बर्फातून आगगाडी आली आणि पांढऱ्या वाफेत विरघळली. मोठ्या टोप्या घातलेल्या बायका रुंद रस्त्यावरून फलक घेऊन चालत होत्या, आणि आर्डिथला वाटलं, त्यांतली एक वळून आपल्याकडे पाहते आहे. मेणाचा वास खोलीभर झाला होता. पडद्याचा निळसर उजेड भिंतींवर हलत होता, पाण्याखालून वर पाहिलं की हलतो तसा. होबार्टचे डोळे मिटले होते. तिचेही मिटले असावेत, कारण शाळेची घंटा वाजली, वर्गात गुडघाभर पाणी होतं, आणि मुलं शांतपणे पाटीवर लिहीत होती.

"आर्डी," होबार्ट म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने तिला अशी हाक मारली नव्हती.

पडद्यावर त्यांचं चर्च उभं होतं.

आवाज नव्हता. फक्त एक बाई मध्येमध्ये हलक्या स्वरात माहिती देत होती. गवत वाऱ्याने वाकत होतं. चार माणसं खणत होती. कुंपणाला टेकवून ठेवलेल्या दगडावर कोरलेलं कबुतर आणि त्याखालचं आईचं नाव अगदी स्पष्ट दिसलं: लुएला. दगडाशेजारी वडील उभे होते. तिशीतले, सडपातळ, टोपी हातात घेतलेले. आर्डिथच्या सगळ्या मुलांपेक्षा तरुण.

खड्ड्यातल्या माणसाने वर पाहून नकारार्थी मान हलवली. वडिलांनी काहीतरी म्हटलं. मग त्या माणसाने वाकून फावडंभर काळी माती उचलली आणि काठावरच्या नव्या पेटीत ओतली. आणखी एकदा. पेटी अगदी छोटी होती. बाईचा आवाज सांगत होता, की जुन्या खोऱ्यातल्या ओल्या, आंबट जमिनीत पुष्कळदा थोड्याच वर्षांत काही उरत नसे. अशा वेळी तिथली थोडी माती वर नेत, बाकीची तिथेच राही.

वडिलांनी झाकणावर तळहात ठेवला. तो बराच वेळ तिथे होता. मग चित्र तुटलं आणि दुसऱ्याच कुणाचं शेत आलं.

टीव्हीवर आता कुठल्याशा पुलाचं उद्घाटन चाललं होतं, आणि लोक टोप्या हवेत उडवत होते.

"केवढी होती गं पेटी?" होबार्टने विचारलं.

"पावाच्या डब्याएवढी."

"मी शवपेटीच शोधत होतो," तो म्हणाला. "ती निघाली नाही म्हणून मी घरी पळालो. पुढचं पाहिलंच नाही."

आर्डिथ उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मेण थिजलं होतं. तिने खालचा जाळ पुन्हा पेटवला आणि कपाटातून लाल कागदाची उरलेली घडी काढली. पाकळ्या कापता कापता तिचे हात सवयीने चालू लागले. मेण पातळ झाल्यावर तिने नवा गुलाब बुडवला. आकडे मोजायचं राहून गेलं. वर आला तो जाड, जडसर वाटला.

होबार्ट दाराच्या चौकटीला टेकून पाहत होता.

"टेकडीच्या पायऱ्या किती आहेत?" त्याने विचारलं.

"चोवीस. मधे एक बाक आहे."

"मग आधी टेकडी. ऊन चढायच्या आत. मग दोघं होडीतून तळ्यावर."

तिने मान डोलावली. सिंकमधली भांडी बाजूला सारून तिने त्यात पाणी भरलं, गुलाबावरचं मेण घट्ट होईपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि तो अलगद पाण्यावर ठेवला. फूल एका अंगाला कललं. एक पाकळी पाण्यात गेली.

"बुडणार," होबार्ट म्हणाला.

"थांब," ती म्हणाली. "बघू या."

दोघं सिंकवर वाकून उभे राहिले.