रविवार सकाळचा खेळ

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या वरच्या केबिनमध्ये मी उभा आहे. माझ्या अंगावर चादर टाकलेली आहे आणि मागच्या खिडकीला अर्धीच काच उरली आहे. मित्रांनो, तुम्ही आता सिनेमा फोनवर पाहता, त्यामुळे तुम्हाला माझी ओळख नसणार. तशी ती कधी कुणालाच नव्हती. सिनेमाला आलेला माणूस माझ्याकडे पाठ करूनच बसतो. मला माणसांची डोकी चांगली माहीत आहेत: टकली, वेण्या, टोप्या, खांद्यावर झोपलेली बाळं. चेहरे मात्र मी फार थोडे पाहिले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही दोघं भाऊ एकाच पेटाऱ्यातून इथे आलो. एक रीळ माझ्यावर चालायचं. ते संपत आलं की पुढचं रीळ भावावर सुरू व्हायचं, आणि खाली बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागायचा नाही. आमचे ऑपरेटरकाका रोज सकाळी आम्हाला पुसायचे, तेल घालायचे आणि घालता घालता गप्पा मारायचे. घरात ते एकटेच होते, त्यामुळे बोलायला आम्हीच. बाजारात काय महाग झालं, कुणाचं कुणाशी फाटलं, सगळं आम्हाला कळायचं.

त्या काळात हॉल भरून वाहायचा. नायक दिसला की शिट्ट्या पडायच्या, खाली नाणी उडायची. सगळं कौतुक पडद्याचं. मला वाईट वाटायचं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

एका दुपारच्या खेळाला शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी सहासात वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण मनात आलं की ती जागच्या जागी गोल गोल फिरायची. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि भिंगरी खुर्चीवर उलटी उभी राहिली. पडद्याकडे तिची पाठ होती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या झोतात धुळीचे कण तरंगत होते, ते धरायला ती हात वर करायची आणि तोंडाने एकसारखा बारीक ‘ऊंऊंऊं’ असा आवाज काढायची.

“अहो ताई, पोरीला आवरा की!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“बसते हं, बसते आता. बस गं सोन्या.”

“असली पोरं घरी ठेवायची. आम्ही काय फुकट आलोय?”

तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू झाली. ढोल, काचा, किंकाळ्या. भिंगरीने दोन्ही कान गच्च दाबले, ती खाली घसरली आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेत आडवी पडून किंचाळू लागली. लोकांनी बोंब ठोकली. काकांना दिवे लावावे लागले. मालकीणबाई स्वतः खाली आल्या, तिकिटाचे पैसे त्या आईच्या हातात ठेवले आणि दाराकडे बोट दाखवलं. लेकीला उचलून घेऊन जाताना आई एवढंच म्हणाली, “सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली होती हो.”

दार बंद झालं. दिवे गेले, आणि मी पुढचं रीळ चालवलं. दुसरं काय करणार?

पुढे काही दिवसांनी काका शर्टाची कॉलर उलटून घ्यायला त्या ताईंच्या दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी तेल घालताना त्यांनी ते सगळं आम्हाला सांगितलं.

“डॉक्टरांनी त्या पोरीला स्वमग्न म्हणून सांगितलंय,” ते म्हणाले. “ताई हसून म्हणतात, काका, शब्द ऐकून वाटतं पोरगी ध्यानाला बसलीय, आणि घरात तर एक कपाट धड राहिलं नाही! मग म्हणाल्या, आम्ही लग्नाला जात नाही, वाढदिवसाला जात नाही. बागेत जातो ते भर उन्हात, कारण तेव्हा कुणी नसतं. एक जण बाहेर गेला की दुसऱ्याने घरी थांबायचं. नातेवाईक आधी बोलवायचे, आता तेही थांबलेत.”

काकांनी फडकं खाली ठेवलं. मग ते मालकीणबाईंकडे गेले. रविवारी सकाळी हॉल रिकामा असतो, तेव्हा अशा मुलांसाठी एक खेळ लावू या, असं त्यांनी सुचवलं.

“आणि खुर्च्या फाडल्या तर?” बाईंनी एका वाक्यात विषय मिटवला.

त्यानंतर आमचे दिवस फिरले. गावाबाहेर चकचकीत नवी चित्रपटगृहं आली. इथली गर्दी आटली. माझ्या भावाची मोटर जळाली, ती दुरुस्त करणं परवडेना, आणि एक दिवस भंगारवाल्याने त्याला जिन्यावरून धडाधड खाली नेलं. त्याची जागा रिकामी झाली. जमिनीवर चार बोल्टांची भोकं तेवढी उरली.

आता मी एकटा. एक रीळ संपलं की सिनेमा थांबायचा, दिवे लागायचे, काका धावपळ करून दुसरं रीळ चढवायचे. उरलेसुरले प्रेक्षक वैतागायचे. काकांनी मात्र पुन्हा बाईंचं दार गाठलं.

“बाई, सारखे दिवे लागतात म्हणून लोक शिव्या देतात. त्या मुलांना तेच बरं पडेल. जरा सिनेमा, जरा मोकळं.”

बाईंनी रिकाम्या हॉलकडे पाहिलं. “चालवा. तसंही खुर्च्यांवर धूळच बसतेय. पोरं बसली तर बसली.”

ताई लगेच तयार झाल्या, पण भिंगरीचे बाबा तयार नव्हते. ते बस चालवत. “एकदा तमाशा झाला तो पुरे,” असं म्हणून त्यांनी काकांना परत पाठवलं. काका पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. शेवटी बाबा कंटाळून हो म्हणाले.

पहिल्या रविवारी अख्ख्या हॉलमध्ये ते तिघंच होते. निम्मे दिवे चालू, आवाज अगदी कमी, दारं उघडी. बाबा दाराशेजारच्या खुर्चीवर टेकले, कधीही उठून जाता येईल असे. दाराशी आमचे डोअरकीपर उभे होते. हातात कायम बॅटरी, म्हणून त्यांना सगळे बॅटरीमामा म्हणत. भिंगरी वाटेत गोल फिरू लागताच सवयीने ते खेकसले, “ए, खाली बस!” आणि लगेच जीभ चावून म्हणाले, “नाही नाही, फिर बाळा. आज फिरायचंच आहे.”

हळूहळू बातमी पसरली. एक जुळी भावंडं आली, त्यांना सिनेमात काडीचा रस नव्हता. खुर्च्या खाली-वर करून खटखट आवाज काढण्यात ती रमायची. एक उंच तरुण आजीचा हात धरून यायचा आणि प्रत्येक संवाद नायकाच्या आधी म्हणून मोकळा व्हायचा. ताईंच्या शेजारची मुलंही येऊ लागली. कारण सरळ होतं: इथे सिनेमात पळायला मिळत होतं! रीळ बदलताना सगळी मिळून हॉलभर शिवाशिवी खेळायची. आया एकमेकींना डबे उघडून द्यायच्या. इतकी वर्षं मी तो हॉल पाहत होतो, पण तिथे माणसं एकमेकांकडे तोंड करून बसलेली तेव्हा प्रथम पाहिली.

मी मात्र वर एकटाच होतो. काका रीळ चढवून खाली उतरायचे, मुलांत मिसळायचे.

अशाच एका रविवारी काका रीळ चढवून उतरले, आणि थोड्या वेळाने खाली एकदम आरडाओरडा झाला. भिंगरी दिसत नव्हती! दारं उघडी, बाहेर वाहता रस्ता. बाबा धावत रस्त्यावर गेले. बॅटरीमामा भर दिवसा बॅटरी लावून खुर्च्यांखाली शोधू लागले. ताईंचा आवाज चिरकला. “भिंगरी! अगं भिंगरी!”

मला ती दिसत होती. मित्रांनो, ती माझ्यासमोर उभी होती! लोखंडी जिना चढून ती एकटीच वर आली होती. माझी मोटर घुमत होती, दिव्याची पेटी तापून लाल झाली होती, आणि तिचा हात तिकडेच येत होता. मला ओरडता आलं असतं तर! पण पेटीपाशी आल्यावर तिला धग लागली असावी. तिने हात मागे घेतला, वळसा घातला आणि माझ्या गार बाजूला, मोटरीच्या झाकणावर, गाल टेकला. डोळे मिटले आणि ती गुणगुणू लागली, “ऊंऊंऊं.”

तो माझा आवाज होता. माझ्या मोटरीचा अगदी तोच सूर. त्या दुपारी लोक जिच्यावर ओरडले, ती तेव्हाही माझाच सूर म्हणत होती. इतक्या वर्षांत, इतक्या गर्दीत, मला ऐकणारी ती एकच.

काका जिना चढून आले आणि दारातच थबकले. त्यांनी तिला ओढलं नाही. हळूच खाली हाक दिली, “ताई, इकडे आहे. घाई नको.”

ताई आल्या आणि पायरीवर मटकन बसल्या. मागून बाबा आले, घामाने निथळलेले. पोरीला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग बाबांनी घाम पुसत विचारलं, “काका, ह्या यंत्रातून चित्र हलतं कसं?”

त्या दिवसापासून भिंगरीसाठी केबिनमध्ये, गार बाजूला, एक स्टूल आलं. काका तापलेल्या भागाला जाळी लावून देत. खालचा सिनेमा तिने कधीच पाहिला नाही. माझे ते सर्वांत सुखाचे रविवार.

मग रिळं यायचीच बंद झाली. नवे सिनेमे नव्या यंत्रांवर चालू लागले, मालकीणबाईंनी इमारत विकायला काढली आणि दाराला साखळी लागली. काकांनी मला शेवटचं पुसलं, चादर टाकली आणि ते गेले.

रविवारचा मेळा वाचनालयाच्या सभागृहात हलला. तिथल्या व्यवस्थापकांनी आधी नकार दिला होता, पण शेजारच्या मुलांच्या आयाच भांडायला गेल्या, असं पुढे काकांकडून कळलं. भिंगरी मात्र तिकडे जाईना. दर रविवारी सकाळी ती बाबांना इथे ओढत आणायची. फुटक्या काचेतून मला ती दिसायची. साखळी धरून उभी. बाबा समजावायचे, “अगं, आता इथे काही नाही, बघ.” मी होतो, चादरीखाली. पण विजेशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही.

एका रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग एकदा काका किल्ली मागून वर आले. थकले होते, जिन्यात दोनदा थांबले.

“गेली रे ती आत,” चादर सारखी करत ते म्हणाले. “शेजारची मुलगी दर रविवारी तिच्याबरोबर वाचनालयाच्या दारापर्यंत जायची आणि दारातच बसायची. काल दोघी आत गेल्या. तिथे पंखा घुमतो, त्याच्याखाली बसल्या.”

मला आनंद झाला. खरंच झाला. काका गेल्यावर केबिन फार मोठी वाटली, एवढंच.

आता इमारत पाडणार म्हणतात. माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं जे व्हायचं ते होईल. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादं घर असेल, ज्याचं दार सणासमारंभालाही बंदच असतं. तिथलं मूल तुम्ही खिडकीत पाहिलं असेल, खेळायला कधी पाहिलं नसेल. ते दार वाजवा. “आमच्याबरोबर येता का?” असं विचारा. त्या घरातले लोक नाही म्हणतील. पुष्कळदा दुखावलेली माणसं आधी नाहीच म्हणतात. तुम्ही रागावू नका.

पुढच्या रविवारी पुन्हा जा.