फळीवरचे पाय

माणसं मोजायची असतील तर चेहरे बघू नयेत, पाय बघावेत. हे मला दादानं शिकवलं. चेहरा बघितला की कुणी हसतं, कुणी वेळ विचारतं, आणि आकडा निसटतो. कडेवरचं मूल तेवढं वेगळं धरायचं.

धक्क्यावरून बोटीत जायच्या फळीपाशी दादानं अकरा वर्षं माणसं मोजली. बोट बेटांवरच्या रिसॉर्टला जाते. नव्वद उतारू, त्याहून जास्त एकही नाही. तेव्हाची रीत अशी, की मोजणाऱ्यानं आकडा सांगायचा आणि वहीत लिहायचा कप्तानानं. सुट्टीच्या गर्दीत एका सकाळी दादानं एकशे दोन सांगितले. कप्तान म्हणाला, "नव्वद लिहितो. तू दोर सोड." कप्तानापुढे कोण बोलणार? पुढे वाळूच्या पट्ट्यापाशी बोट कलली आणि सतरा जण पाण्यात पडले. कुणी मेलं नाही, पण एका बाईचा हात कायमचा गेला. चौकशीत कप्तानानं वही पुढे केली. मला नव्वदच सांगितले, म्हणाला; कडेवरची मुलं यानं मोजलीच नसतील. चोराच्या उलट्या बोंबा. दादाची नोकरी गेली, कप्तानाची राहिली.

नोकरीचं जाऊ दे. पण सात वर्षं तेच ऐकून दादालाही वाटायला लागलं की आपणच चुकलो. आता तो जिन्याच्या पायऱ्या चढताना मोजतो, उतरताना पुन्हा मोजतो आणि म्हणतो, "मीच चुकलो असेन गं." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अपघातानंतर नियम बदलला. वही मोजणाऱ्याच्या हाती आली. त्याच्या सहीशिवाय बोट हलत नाही. ती जागा मी मागून घेतली. रोज कप्तानाला 'नमस्कार काका' म्हणायचे आणि मनात दातओठ खायचे.

काल कप्तानाची शेवटची फेरी होती. बेटावर मालक सत्कार करणार होते, म्हणून त्याचे दोन मुलगे, सुना, नातवंडं झाडून सगळे आले होते. बाकी पर्यटक. मी पाय मोजले. नव्वद. सही करायला पेन काढलं, तेवढ्यात काकू, म्हणजे कप्तानाची बायको, धापा टाकत फळी चढून आत गेल्या. हातात इस्त्रीवाल्याकडून आणलेली पांढरी टोपी. तीस वर्षांत त्या या बोटीवर कधी बसल्या नव्हत्या.

"एक्क्याण्णव," मी म्हणाले. "एकाला उतरायला लागेल. कोण ते तुम्ही ठरवा."

मुलगे समुद्राकडे बघायला लागले. सुनांना एकदम पोरांची नाकं पुसायची आठवण झाली. कप्तान खाली माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "अगं, घरचंच माणूस आहे. नव्वद लिही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा तोच नव्वद.

मी वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. "त्या दिवशीचा आकडा आधी तुम्ही लिहा, काका. खरा. खाली सही करा. मग बघू."

वरून पर्यटक ओरडत होते, बोट कधी सुटणार. बेटावर सत्काराला माणसं खोळंबली होती. कात्रीत सापडलेला माणूस कसा दिसतो ते मी डोळे भरून पाहिलं. शेवटी त्यानं लिहिलं: 'मला एकशे दोन सांगितले होते. मी नव्वद लिहिले.' सही केली. मला जराही वाईट वाटलं नाही.

मी पान फाडून घडी घातली, कमरेला खोचलं. मग बघू म्हटलं होतं, म्हणून बोटीवर चढले आणि पुन्हा एकेकाचे पाय मोजले.

"एक्क्याण्णवच आहेत, काका."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण मी लिहून दिलं ना?"

"त्यानं माणूस कमी नाही झालं."

काकूच उठल्या. टोपी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि फळीवरून एकट्या खाली आल्या. मी नव्वदवर सही केली, दोर सोडला. टोपी न घालताच कप्तान बोट घेऊन गेला.

पुढची बोट साडेचारची. काकू माझ्या बाकावर येऊन बसल्या. पदरानं घाम पुसला.

"त्या संध्याकाळीच घरी सांगितलं होतं त्यांनी, एकशे दोन होते म्हणून," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, गप्प बसा. पोरांची शिक्षणं चालू होती."

म्हणजे उतरायला हवं होतं तेच माणूस उतरलं होतं. मी त्यांना पाणी दिलं.

घरी गेल्यावर दादापुढे पान ठेवलं. त्यानं वाचलं. परत वाचेल, तीनदा वाचेल म्हणून मी उभी राहिले. त्यानं एकदाच वाचलं.

"आज किती गेले?" त्यानं विचारलं.

"नव्वद."

"कडेवरची धरून?"

"धरून."

"बरं," दादा म्हणाला आणि पायऱ्या न मोजता जिना उतरून गेला.