नव्वद अंशांचं अधिष्ठान

कुंदाबाई रामटेकेंचा गुडघा अडुसष्ट अंशांवर अडून बसला होता, आणि सिस्टर रीता पटले हिला ते स्वतःचंच अपयश वाटत होतं.

झाडीपट्टीतल्या गोरेगावच्या बाजाराजवळ जावयाच्या मोटारसायकलवरून पडून कुंदाबाईंच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं, तार बसली. आता गुडघा नव्वदपर्यंत वाकायला हवा होता. "बुधवारपर्यंत नाही वाकला, तर भूल देऊन आम्ही वाकवू," असं डॉक्टर सांगून गेले होते. पहिल्या भुलीनंतर कुंदाबाई दोन दिवस ओकत होत्या. भूल म्हटलं की त्यांचा चेहरा उतरे.

रीताने उपाय काढला होता. वॉर्डातले निम्मे पेशंट बौद्ध. विहारात श्वासावर ध्यान करायची त्यांना सवय. व्यायामाआधी पाच मिनिटं श्वास बघितला की दुखण्याची धास्ती कमी होते, स्नायू सैल पडतात. तिने तक्ता केला: सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकेक रकाना, 'ध्यान व व्यायाम'. कुंदाबाईंची सून मंजू तिन्ही रकान्यांत इमानदारीने खूण करी. दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं. कोन मात्र जागचा हलेना.

शुक्रवारी दुपारी रीता न सांगता वॉर्डात डोकावली. कुंदाबाई पलंगावर बसलेल्या, डोळे मिटलेले, पाय ओंडक्यासारखा सरळ.

"शूऽऽ," मंजू म्हणाली. "आई अधिष्ठानात बसून राहिली. एक घंटा बोटही हलवत नाही."

"आणि व्यायाम?"

"हेच तं आहे ना सिस्टर! तुम्हीच सांगतलं."

रीताने कपाळावर हात मारला. एका रकान्यात दोन गोष्टी तिनेच कोंबल्या होत्या. जिला हलवायचं, तिलाच तिने दिवसाचे तीन तास निश्चल बसवलं होतं.

कुंदाबाईंनी डोळे उघडले तशी रीता म्हणाली, "मावशी, पाय कायले नाही हलवला?"

"हलवला तं अधिष्ठान मोडते. एकदा निश्चय करून बसलं का हलाचं नाही. शिबिरात साऱ्या बाया चुळबुळ करत, मी नाही हलली."

"तुमचं बरोबर, माझं चुकलं. पण भंतेजी चालता चालता ध्यान करतात ना?"

"चंक्रमण? करतेत. पाय उचलला, पाय ठेवला, सारं ध्यान पावलावर."

"मग तसंच. टाच गादीवर घासत मागे घ्यायची, ध्यान गुडघ्यावर. दुखलं की तिथंच थांबून तीन श्वास, मग पुढे."

"झोपून चंक्रमण? भंतेजी हासतीन मले!"

"हसू द्या. बुधवारी डॉक्टर हसायला नाही येणार."

कुंदाबाईंनी पदर खोचला. "मंजू, लिही तिथं. बुधवारपर्यंत नव्वद. हेच अधिष्ठान."

पहिल्याच फेरीत दुखणं सातवर गेलं. कुंदाबाईंनी रीताला, डॉक्टरांना आणि जावयाला अस्सल झाडीबोलीत शिव्या घातल्या, तीन श्वास घेतले आणि टाच आणखी अर्धा इंच ओढली. शनिवारी त्र्याहत्तर. सोमवारी ब्याऐंशी. मंगळवारीही ब्याऐंशीच.

बुधवारी डॉक्टरांसमोर रीताने गुडघ्याला कोनमापक लावला. शहाऐंशी.

"थोडा दबाते हैं," म्हणत डॉक्टरांनी हात पुढे केला.

"हात नका लावू!" कुंदाबाई गरजल्या. "श्वास बाकी आहेत."

एक. दोन. तिसऱ्याला टाच सरकली. रीताने आकडा वाचला, मग पुन्हा वाचला.

"एक्क्याण्णव."

डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरच्या यादीतलं नाव खोडलं. "अब इनको चलाना शुरू करो."

"चालतो ना," कुंदाबाई घाम पुसत म्हणाल्या. "पहिले च्या पाजा."