भिंतीआडचा धडा

तानुबाईनं गाऱ्याचा गोळा भिंतीवर थापला आणि मान वर करून पाहिलं. खिडकीची चौकट तिच्या डोक्यावर हातभर उंच धरलेली होती.

"झिपरूभाऊ, जराशी खाले ठेवा ना. पोरेसले वारा लागी."

झिपरू गवंड्यानं नुसतं मिश्रीलालशेठकडे पाहिलं. शेठ धुळ्याच्या मदत मंडळाचे. लढाईच्या वर्षांत नरडाण्याजवळच्या या शाळेत पलटणीचं गवत साठवलं होतं. तळ उठला तेव्हा उरल्या त्या पडक्या भिंती. आता मंडळानं दारं, खिडक्या, पत्रे दिले होते. माती आणि हात गावाचे.

"खाली ठेवली की पोरं बाहेरच बघत बसतील, बाई," शेठ हसून म्हणाले. "उंचच बरी."

वच्छलाबाई, तिची जाऊ, गारा तुडवता तुडवता थांबली. "तुले काय करनं शे खिडकीनं? तू काय शाळामा जाणार शे का?"

सगळ्या बाया हसल्या. तानुबाईही हसली. पण हसता हसता तिचं बोट ओल्या भिंतीवर काहीतरी गिरवून गेलं, आणि तिनं घाईनं हात फिरवून ते पुसलं. जवळच पाण्याची घागर घेऊन उभे असलेले अभिमन गुरुजी तिकडे पाहत होते.

चार वर्षं शाळा मारुतीच्या ओट्यावर भरली होती. ओट्याच्या मागच्या अंगाला बाया कापसाची बोंडं फोडत बसायच्या. गुरुजींचा आवाज पार विहिरीपर्यंत जायचा. गुरुजींना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडतात, असं गावात सगळे म्हणत. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण बोंडं फोडता फोडता तानुबाई ऐकत होती. आधी 'क' आणि 'ख', मग काना-मात्रा. परवा गुरुजींनी सांगितलं होतं, आता जोडाक्षरं सुरू. पण तो धडा आता नव्या शाळेत, भिंतींच्या आत होणार होता.

नव्या दारावर मंडळानं पांढऱ्या रंगात एक शब्द लिहून पाठवला होता. येता-जाता ती त्याच्यापुढे रेंगाळायची. 'ध' कळायचा. पुढच्या 'म'च्या डोक्यावर काहीतरी आकडा होता, तिथं गाडं अडायचं. कुणाला विचारावं तर अर्धं गाव हसलं असतं.

पत्रे चढले. नारळ फुटला, गूळ वाटला गेला. जाताना शेठजी गुरुजींना म्हणाले, "आता घशाला आराम द्या, गुरुजी. भिंती आहेत, हळू बोललं तरी चालेल."

गुरुजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तानुबाई बोंडांची पाटी घेऊन शाळेच्या भिंतीला टेकून बसली. वच्छलाबाईनं विचारलं, ओटा सोडून इथं काय आहे? सावली आहे, ती म्हणाली. सावली काही तिथं नव्हती. उन्हानं कपाळ तापलं, आतून नुसती कुजबुज येत होती. तिनं एक बोंड फोडलं आणि कापूस तसाच हातात धरून ठेवला. मग पाटी उचलून ती उठली.

तेवढ्यात डोक्यावरचे पत्रे दणाणले.

"धर्म!" आतून गुरुजींचा आवाज आला, ओट्यावर होता त्याहून मोठा. "'म'च्या डोक्यावर आकडा दिसतो ना, तो रफार. आधी तो अर्धा 'र' म्हणायचा, मग 'म'. पुन्हा सांगतो!"

आत पोरं खिदळली. पुढच्या रांगेतल्या कौतिकनं कानांवर हात ठेवले असावेत, कारण गुरुजी त्यालाच बोलले.

"कान काय झाकतोस रे?"

"गुरुजी, आते भिंती शेतस ना. हळू बोला ना."

"भिंती आहेत, म्हणूनच," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी तोच शब्द पुन्हा, अगदी सावकाश, खिडकीखाली येऊन सांगितला.

तानुबाईनं पाटी खाली ठेवली. तिथून दार दिसत होतं. ओठ न हलवता ती 'ध' पाशी आली, आकड्यापाशी थांबली, आणि पुढे गेली.